धूर, स्वयंपाकघर आणि ग्राहकाची गोष्ट

विक्रीच्या बैठकीत एक स्लाइड हमखास येते. वर लिहिलेलं असतं 'आमचे समाधानी ग्राहक' आणि खाली पंचवीस-तीस लोगो दाटीवाटीने बसवलेले. ती आली की समोरचे निम्मे लोक फोन हातात घेतात. कंपन्यांसाठी ग्राहकांच्या यशोगाथा लिहिणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे मागच्या खुर्चीत बसून हे दृश्य मी पुष्कळदा पाहिलं आहे. मग बोलणारा, बहुधा ठरवलेलं नसतानाच, एका लोगोवर बोट ठेवून म्हणतो, "यांची गंमत सांगतो. यांचा माल भलत्याच पत्त्यावर जायचा, आणि ते कळायचं कधी, तर पलीकडून शिव्या आल्यावर." फोन खाली ठेवले जातात. टेबलाच्या टोकाचं कुणीतरी विचारतं, "त्यांच्याकडे माणसं किती होती?"

हा प्रश्न आला की समजावं, गोष्ट लागली. विचारणाऱ्याला त्या कंपनीच्या माणसांची मोजदाद करायची नसते. त्याला स्वतःचं माप लावून बघायचं असतं: हे आपल्यासारखे होते का? ग्राहकाची गोष्ट सांगून पटवणं नेमकं कसं चालतं, ते या प्रश्नात दडलं आहे. ते उलगडायला मात्र जरा लांब, न्यायशास्त्रापर्यंत, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रापर्यंत जावं लागतं.

समोरच्याला अनुमान पटवायचं तर ते कसं मांडावं, याची न्यायदर्शनात पाच अवयवांची रीत आहे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. नेहमीचा दाखला डोंगराचा. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतोय, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धुराचा आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन.

डोंगराच्या जागी ऐकणाऱ्याचा धंदा ठेवून बघा. 'आमची प्रणाली घेतलीत तर तुमच्या चुका कमी होतील' ही प्रतिज्ञा. 'कारण माल निघण्याआधी पत्ता दोनदा तपासला जातो' हा हेतू. 'अमक्यांकडे असंच झालं' हे उदाहरण. इथपर्यंतचं काम विकणाऱ्याचं. 'माझंही तसंच आहे' ही चौथी पायरी ऐकणाऱ्याने मनातल्या मनात चढायची असते. आपण कितीही घसा कोरडा केला तरी ती त्याच्या वतीने चढता येत नाही. माणसं किती होती असं विचारणारा त्याच पायरीवर पाय टेकून बघत होता.

या मांडणीत आणखी एक बारकावा आहे. नुसतं 'जसं स्वयंपाकघर' म्हटलं तर ते उदाहरण पुरं होत नाही. धुराचा आणि आगीचा संबंध त्यात सांगावा लागतो. बहुतेक यशोगाथा इथेच लंगड्या पडतात. आधी हाल होते, मग आम्ही आलो, मग सुखच सुख. मधे नेमकं काय बदललं, कशामुळे बदललं, याचा पत्ताच नाही. असं वाचून सावध माणूस म्हणतो, 'झालं असेल त्यांचं भलं', आणि पान उलटतो.

न्यायसूत्रांतली दृष्टांताची व्याख्याही कंपनीच्या भिंतीवर लावावी अशी आहे: ज्या बाबतीत सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांची बुद्धी सारखी चालते, तो दृष्टांत. मोठी खरेदी एकटा माणूस क्वचितच करतो. रोज वापरणारी वेगळी, पैसे मंजूर करणारा वेगळा, तांत्रिक बाजू तपासणारा तिसराच. वापरणारीला ओळखीचा वाटणारा त्रास आणि तपासणाऱ्याला पटणारं कारण, दोन्ही एकाच गोष्टीत असावं लागतं. एकीला भावणारी आणि दुसऱ्याला पोकळ वाटणारी गोष्ट बैठकीत टिकत नाही.

आपल्यासारखा कोण?

सारखेपणाचा जोर किती असतो, ते दाखवणारा एक प्रयोग नोआ गोल्डस्टीन, रॉबर्ट सियालदिनी आणि व्लादास ग्रिस्केव्हिशियस यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. हॉटेलच्या खोल्यांमध्ये 'टॉवेल पुन्हा वापरा' अशा वेगवेगळ्या मजकुराच्या पाट्या ठेवल्या होत्या. पर्यावरण वाचवा, असं सांगणारी पाटी वाचून सुमारे ३७ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. 'याच खोलीत उतरलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला' असं लिहिलेल्या पाटीने हे प्रमाण ४९ टक्क्यांवर नेलं. आता आपल्या आधी त्या खोलीत राहून गेलेल्या अनोळखी माणसाशी आपलं काय नातं? काहीच नाही. तरी तो 'आपल्या जागी' होता, एवढं पुरलं.

म्हणून सगळ्यात मोठ्या, सगळ्यात नावाजलेल्या ग्राहकाची गोष्ट प्रत्येकाला ऐकवायची हौस मला अनाठायी वाटते. बारा माणसांची कंपनी चालवणाऱ्याला बारा हजार माणसांच्या कंपनीची कथा सांगितली तर त्याला कौतुक वाटतं आणि लगेच मनात येतं, 'त्यांना परवडतं हो.' त्याला दुसऱ्या बारा-पंधरा माणसांच्या कंपनीची साधी, कमी झगमगीत गोष्ट द्यावी. आणि सारखेपणा फक्त आकारात किंवा व्यवसायात शोधू नये. अडचण तीच, भीती तीच, आधी एकदा हात पोळल्याचा अनुभवही तोच, असं असेल तर कारखान्याची गोष्ट दवाखान्यालाही लागू पडते. माझ्या अनुभवात भीतीचं साम्य सगळ्यात लवकर जुळतं.

एक माणूस आणि आकडा

२००७ मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी एका अभ्यासात लोकांना पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे मदतनिधीला द्या, असं सांगितलं. काहींना आफ्रिकेतल्या अन्नटंचाईची आकडेवारी वाचायला दिली. त्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. काहींना माली देशातल्या सात वर्षांच्या एका मुलीबद्दल सांगितलं. त्यांनी २.३८ डॉलर दिले. तिसऱ्या गटाला मुलीची गोष्ट आणि आकडेवारी दोन्ही दिलं, तेव्हा रक्कम वाढायच्या ऐवजी १.४३ डॉलरवर आली. आकड्यांनी गोष्टीची धग कमी केली.

यावरून 'आकडे काढून टाका, नुसती गोष्ट सांगा' असा निष्कर्ष मार्केटिंगवाले फार पटकन काढतात. मला तो घाईचा वाटतो. दान देणाऱ्याला उद्या कुणापुढे हिशेब मांडायचा नसतो. कंपनीसाठी खरेदी करणाऱ्याला मांडायचा असतो. त्याला गोष्ट पटली तरी वरिष्ठांच्या खोलीत शिरताना हातात आकडा हवाच. फक्त तो गोष्टीच्या शेजारी तक्त्यात उभा न राहता गोष्टीच्या पोटात असावा. 'उत्पादकता वाढली' यापेक्षा 'चार जणांचं काम आता दोघं करतात आणि उरलेले दोघं थकबाकीच्या मागे लागले आहेत' यात आकडाही आहे आणि माणसंही.

गोष्ट कुठे सांगावी, यावर ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात पक्का सल्ला देऊन ठेवला आहे. दाखले आधी मांडले तर त्यांना विगमनाचं, म्हणजे अनेक दाखल्यांवरून नियम काढण्याचं रूप येतं आणि मग ते पुष्कळ लागतात. युक्तिवादानंतर मांडले तर ते साक्षीदारासारखे काम करतात, आणि चांगला साक्षीदार एकही पुरतो. पंचवीस लोगोंची स्लाइड बैठकीच्या सुरुवातीला का पडते आणि टेबलाच्या टोकाचा माणूस एका गोष्टीने का सावरून बसतो, याचं बरंचसं उत्तर यात आहे. मी एवढंच जोडेन की लक्ष वेधायला सुरुवातीला दोन वाक्यांची झलक द्यायला हरकत नाही. पूर्ण साक्ष मात्र शंका आल्यावर काढावी.

लिहिताना

माझ्याकडे येणारे कच्चे मसुदे साधारण असे असतात (हा नमुन्यादाखल मीच रचला आहे, पण शपथेवर सांगतो, अतिशयोक्ती नाही): 'अग्रगण्य वितरण कंपनीने आमच्या अत्याधुनिक प्रणालीचा अवलंब केल्यानंतर त्यांच्या कार्यक्षमतेत लक्षणीय सुधारणा झाली असून व्यवस्थापनाने याबद्दल समाधान व्यक्त केले आहे.'

यात माणूस कुठे आहे? 'व्यवस्थापन' समाधान व्यक्त करत नाही. कुणीतरी एक बाई किंवा बुवा करतो. त्याच मजकुराचं दुसरं रूप बघा:

'महिना संपत आला की हिशेब विभागातले चौघं रात्री दहापर्यंत बसायचे. गोदामाची यादी आणि बिलांची यादी कधीच जुळायची नाही. विभागप्रमुख बाई दोन्ही याद्या छापून, पट्टी ठेवून, ओळ न् ओळ ताडून बघायच्या. नवी प्रणाली घ्यायला त्यांचाच विरोध होता, कारण आधीची एक प्रणाली तीन महिन्यांत गुंडाळावी लागली होती. आता गोदामात माल हलला की बिलाच्या नोंदीत तो त्याच क्षणी दिसतो, त्यामुळे ताडून बघायला दुसरी यादीच उरलेली नाही. महिनाअखेरीला चौघंही सहाला निघतात. पट्टी अजून बाईंच्या टेबलावर आहे.'

विकणाऱ्या कंपनीचं नाव यात एकदाही नाही. ते शेवटी येईल, एकदा, साधेपणाने. गोष्टीतली मुख्य व्यक्ती ग्राहक आहे. आपण फार तर रस्ता दाखवणारे. हे मान्य करणं कंपन्यांना जड जातं. पहिल्या परिच्छेदात स्थापनेचं वर्ष, शाखा आणि पुरस्कार घालायचा आग्रह होतो, आणि वाचणारा तिथेच गळतो.

दुसरं, 'त्यामुळे' हा शब्द बघा. 'माल हलला की नोंदीत दिसतो, त्यामुळे दुसरी यादी उरली नाही.' धुराचा आणि आगीचा संबंध तो हाच. हे एक वाक्य काढून टाका, उरलेली गोष्ट गोड राहील पण काही सिद्ध करणार नाही. बाईंचा विरोधही मुद्दाम ठेवला आहे, कारण वाचणाऱ्या कंपनीतही अशा एक बाई असतातच आणि निर्णय बहुतेक वेळा त्यांच्यापाशी अडतो.

गोष्ट मिळवायची कशी?

ग्राहकाला 'आमची सेवा कशी वाटली?' असं विचारलं की 'छान' असं उत्तर येतं. त्याचा काही उपयोग नाही. मी दिवस विचारतो. 'आता हे असं चालायचं नाही, असं पहिल्यांदा कधी वाटलं? त्या दिवशी काय झालं होतं? घरी जाऊन कुणाला सांगितलंत?' मग माणूस आठवायला लागतो. पुढे विचारतो, दुसरे कुठले पर्याय पाहिले, सही करायच्या आधी कशाची धास्ती होती, पहिल्या आठवड्यात काय बिघडलं. बिघडलं असतंच. 'काहीच नाही' असं उत्तर आलं तर मी थोडा वेळ गप्प बसतो, आणि बहुधा त्या शांततेतच खरी गोष्ट बाहेर येते.

आठवणीवर मात्र विसंबून राहू नये. बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी १९७५ मध्ये दाखवलेली गोष्ट इथे लागू पडते. १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाण्याआधी या दोन संशोधकांनी लोकांकडून अंदाज लिहून घेतले होते. दौरे झाल्यावर तुम्ही काय अंदाज केला होता, असं विचारलं, तेव्हा जे प्रत्यक्षात घडलं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं बऱ्याच जणांना आठवलं. ग्राहकाचंही तसंच. वर्षभराने तो म्हणतो, 'आम्हाला पहिल्यापासून खात्री होती.' खात्री कसली, दोनदा बैठक पुढे ढकलली होती! म्हणून काम सुरू करतानाच लिहून ठेवावं: आज चुका किती, वेळ किती लागतो, लोक कशाला घाबरले आहेत. ही नोंद नसेल तर वर्षभराने 'आधी' आणि 'नंतर' यांतला 'आधी' अंदाजपंचे लिहावा लागतो.

बुडालेल्यांची चित्रं

प्राचीन रोममधल्या सिसेरो या वक्त्याने डायागोरस नावाच्या एका नास्तिकाची गोष्ट सांगितली आहे. वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडायला मंदिरात चित्रं लावली होती. ती दाखवून मित्र म्हणाला, बघ, देव माणसांची काळजी घेतात की नाही. डायागोरस म्हणाला, हो, कारण जे बुडाले त्यांची चित्रं कुठेच लावलेली नाहीत.

यशोगाथांचं पान म्हणजे या मंदिराची भिंत. ज्यांचं जमलं तेच तिथे आहेत. शहाण्या खरेदीदाराला हे माहीत असतं, आणि आपल्यालाही माहीत आहे हे त्याला दिसलं तर त्याचा विश्वास वाढतो. एकशे वीस ग्राहकांपैकी तिघांना अफाट फायदा झाला असेल तर ती तीन माणसं खरीच आहेत, पण 'असं सगळ्यांचं होतं' हे खोटं आहे. गोष्टीसोबत 'बाकीच्यांना साधारण किती फरक पडला' हे एक ओळीत सांगावं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर २००९ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना बदलून 'सर्वांना असेच परिणाम मिळतील असे नाही' एवढी बारीक अक्षरातली ओळ पुरेशी मानणं बंद केलं. सर्वसाधारणपणे काय अपेक्षा ठेवावी हे सांगायला सांगितलं. भारतात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस ही ती करणाऱ्या व्यक्तीचं खरं आणि अलीकडचं मत असावी लागते, आणि त्या व्यक्तीचे कंपनीशी काही लागेबांधे असतील तर तेही उघड करावे लागतात. ग्राहकाला सवलत देऊन गोष्ट मिळवली असेल तर ती सवलतही सांगा.

आणखी एक फसवणूक आहे, ती आपण नकळत स्वतःचीच करतो. लोक औषध केव्हा घेतात? दुखणं टोकाला गेल्यावर. टोकाचं दुखणं पुष्कळदा आपोआपही थोडं उतरतं. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना सरासरीकडे परत येण्याचा हा कल दाखवला होता: फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीने त्यांच्यापेक्षा थोडी बुटकी निघतात. कंपनीही सगळ्यात वाईट तिमाहीनंतर मदत शोधायला निघते. पुढची तिमाही जरा बरी जाणारच होती, आणि श्रेय आपण घेऊन मोकळे होतो. म्हणून 'आधी'चा आकडा एका वाईट महिन्याचा न घेता वर्षभराच्या सरासरीचा घ्यावा. वाढ कमी दिसेल. पण वर्षभरानंतर कुणी पुन्हा विचारलं तर तोंड लपवायची पाळी येणार नाही.

टक्क्यांबद्दल एवढंच: 'तक्रारी ५० टक्क्यांनी घटल्या' म्हणजे चारशेच्या दोनशे झाल्या की चाराच्या दोन, हे लिहिलं नाही तर मी ते वाक्य खोडतो.

थोडासा डाग गोष्टीला मारतो का? २०१२ मध्ये डॅनिट आइन-गार, बाबा शिव आणि झाकरी टोरमाला यांनी दाखवलं की चांगल्या माहितीनंतर एखादी किरकोळ उणीव सांगितली तर काही वेळा उत्पादन उलट जास्त आवडतं, विशेषतः लोक फार खोलात शिरून वाचत नसतील तेव्हा. ग्राहक म्हणाला, 'पहिला महिना डोकेदुखीचा होता', तर ते वाक्य राहू द्यावं. ते काढायचा आग्रह ग्राहकाकडून फार क्वचित होतो. होतो तो विकणाऱ्या कंपनीच्या आतूनच.

परवानगीचं मात्र हलक्यात घेऊ नका. मुलाखत देणाऱ्याची 'हो' आणि त्याच्या कंपनीची 'हो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी लेखी लागते. सगळं लिहून झाल्यावर वकिलांनी नाव काढायला लावलं असं माझ्या बाबतीत एकदा नाही, अनेकदा झालं आहे. अशा वेळी खोटं नाव घालू नये; 'मध्यम आकाराची वितरण कंपनी' असं लिहून बाकीचे बारकावे जपावेत. आणि ग्राहकाच्या तोंडी आपणच वाक्यं घालून 'एवढं मंजूर करा' म्हणून पाठवायची पद्धत मला मुळीच आवडत नाही. कोणताही माणूस 'या सर्वसमावेशक उपायाने आमचा प्रवास सुकर झाला' असं बोलत नाही, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

मुलाखतीच्या शेवटी मी एक प्रश्न ठेवतो: 'हे कुणी घेऊ नये?' एका ग्राहकाने बराच विचार करून सांगितलं, "ज्यांच्या नोंदी अजून वहीत आहेत, त्यांनी आधी त्या कॉम्प्युटरवर आणाव्यात. आम्ही तसं न करता उडी मारली आणि दोन महिने रडलो." विकणाऱ्या कंपनीला हे छापायचं नव्हतं. पुष्कळ हुज्जत घातल्यावर ते राहिलं. काही महिन्यांनी त्यांच्या विक्री विभागातली एक मुलगी सांगत होती की आता बैठकीत लोक तिला त्याच ओळीवर थांबवतात आणि विचारतात, "मग नोंदी आणायला त्यांना माणसं किती लागली?"